सख्ख्या बहिणीशी डीएनए 44 टक्केच जुळला. ती सख्खी नाही का?

तुम्ही लिहिलंय की चाचणीत आईशी जुळणी 50 टक्के आली आणि धाकट्या बहिणीशी 44. सख्खीच आहे हो ती. घरात कुणाला जाब विचारायला जाऊ नका.

आईशी 50 हा आकडा पक्का असतो, कारण गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीतलं एक तिच्याकडूनच येतं. भावंडांमधला 50 मात्र सरासरीचा. आई दोघींना निम्मा-निम्मा डीएनए देते, पण देण्याआधी जोडीतल्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होते आणि कुठला तुकडा कुणाच्या वाट्याला येईल, हे नाणं उडवल्यासारखं. वडिलांकडूनही तसंच. 2006 साली 4,401 भावंडजोड्या तपासल्या, तेव्हा जुळणी साधारण 37 ते 62 टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. तुमचे 44 त्यात आरामात बसतात. वडील वेगळे असते तर सरासरी 25 असते.

तरी शंका उरली असेल, तर टक्के सोडा आणि अहवालात दोन्ही प्रती (आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली) जुळणारे भाग दाखवलेत का ते बघा. सख्ख्या भावंडांत ढोबळमानाने पाव डीएनएत दोन्ही प्रती जुळतात, निम्म्यात एकच आणि उरलेल्या पावात एकही नाही. फक्त आई सामाईक असेल, तर दोन्ही प्रती जुळणारा भाग जवळपास नसतोच. (काही कंपन्या असा भाग एकदाच मोजतात. मग सख्ख्यांचाही आकडा 37-38च्या आसपास येतो आणि लोक उगाच घाबरतात.)

बाकी नात्यांत दर पायरीला निम्मं होत जातं: आजी, मावशी, काका सरासरी 25. चुलत, मावस, आते, मामे असे आपल्याकडे चार शब्द, पण चौघांचीही सरासरी 12.5च. गंमत होते ती दोन सख्ख्या भावांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलं की. त्यांची मुलं एकमेकांची चुलतही आणि मावसही, म्हणून 25. एकसारख्या जुळ्या बहिणींच्या मुलांचंही तेच, कारण त्यांच्या आयांचा डीएनए जवळजवळ एकच.

आणि ‘कुठल्याही दोन माणसांचा डीएनए 99.9 टक्के सारखा असतो, मग हे 44 कसले?’ हा तुमचा दुसरा प्रश्न. त्या 99.9मध्ये अक्षराला अक्षर लावून बघतात. इथे मोजतात ते जवळच्याच एखाद्या पूर्वजाकडून दोघींकडे आलेले लांबच लांब तुकडे.