गाडी रात्री कुठे उभी राहणार?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला, शोरूमवाल्याने दिलेला तक्ताही पाहिला. पेट्रोल एसयूव्ही आता घेऊन टाकायची, की थोडे थांबून, कर्ज वाढवून प्लग-इन हायब्रिड (पेट्रोलवर चालणारी आणि वायर लावून विजेवरही भरता येणारी) घ्यायची, असा तुझा प्रश्न. त्याच्याआधी माझा एक प्रश्न आहे. ही गाडी रात्री कुठे उभी राहणार? पर्वरीच्या फ्लॅटखाली, की फोंड्याला आईबाबांच्या अंगणात? निम्म्याहून जास्त उत्तर तिथे आहे आणि तक्त्यात नेमका तोच रकाना नाही.

त्या तक्त्यात तीन निराळ्या जातींच्या गाड्या 'हायब्रिड' म्हणून एकाखाली एक लिहिल्या आहेत. पहिली माइल्ड हायब्रिड. ती पेट्रोल गाडीच समज, सिग्नलला इंजिन बंद-चालू करायला आणि किंचित रेटा द्यायला छोटी मोटर असते एवढेच. दुसरी स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे ग्रँड विटारा, हायरायडर, हायक्रॉस यांची वरची मॉडेल्स. ती अधूनमधून विजेवर चालते, पण बॅटरी जेमतेम पाऊण ते दीड-दोन युनिटांची. ब्रेक आणि इंजिन मिळून ती भरतात, वायर लावायची सोयच नाही. तिसरी प्लग-इन. हिच्यात साधारण दहा ते वीस युनिटांची बॅटरी असते, घरच्या विजेवर भरता येते आणि पेट्रोलला हात न लावता ती चाळीस ते ऐंशी किलोमीटर जाते. पुढे इंजिन आहेच. आपल्या देशात ही तिसरी जात आजवर मुख्यत्वे महागड्या परदेशी गाड्यांतच दिसली. कंपन्या आता प्रदर्शनांत कुटुंबाच्या गाड्या मांडू लागल्यात, म्हणून तुझ्या डोक्यात थांबायचा विचार आला असणार.

आता तुझे रोजचे जाणे धरू. पर्वरी ते वेर्णा आणि परत, पन्नासेक किलोमीटर. महिन्याला बावीस दिवस म्हणजे ११०० किलोमीटर. मांडवीच्या पुलाआधीची कोंडी आणि दिवसभर एसी हे लक्षात घेता मोठी पेट्रोल एसयूव्ही लिटरला बारा देईल, म्हणजे सुमारे ९२ लिटर. हिशेब सोपा व्हावा म्हणून लिटरला शंभर धरले तर महिन्याला ९,२०० रुपये. हेच अंतर पूर्ण विजेवर कापले, युनिटला पाच किलोमीटर धरले आणि चार्जिंगमधली गळती जोडली, तर अडीचशे युनिट लागतील. सहा रुपयांचा चढा दर धरूनही दीड हजार. महिन्याला साडेसात हजारांच्या वर बचत, वर्षाला नव्वद हजारांच्या घरात.

हा आकडा बघून तू खूश होशील. शोरूमवालाही इथेच थांबतो.

दोन गाड्यांच्या किमतीत आठ लाखांचा फरक आहे असे समज. ते आठ लाख तू कर्जाने काढणार. नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच सत्तर हजारांच्या आसपास जाते. म्हणजे इंधनात वाचलेले बहुतेक सगळे बँकेच्या दारात. शिवाय गोव्यात रस्ता कर गाडीच्या किमतीवर टक्क्यांनी लागतो, महाग गाडीला तोही जास्त, विम्याचेही तसेच. आणि प्लग-इनला जीएसटीत काही सूट असेल अशा भ्रमात राहू नकोस. पूर्ण विजेच्या गाडीला ५ टक्के आहे आणि सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरहून लांब पेट्रोल किंवा हायब्रिडला ४० टक्के. प्लग-इन या चाळीसच्याच रांगेत उभी राहते.

गोव्यात पेट्रोल शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त, ही आणखी एक गोष्ट. २०१२ साली मनोहर पर्रीकरांनी व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा तू शाळेत असशील. ते दिवस गेले, पण आजही महाराष्ट्रातल्या बांदा-सावंतवाडीची माणसे हद्दीवरच्या पत्रादेवीला येऊन टाकी भरतात. वीजही आपल्याकडे स्वस्तच आहे म्हणा. तरी महाराष्ट्रातल्या माणसाने यूट्यूबवर मांडलेला हिशेब जसाच्या तसा उचलू नकोस.

आता पार्किंग. प्लग-इन घेणे म्हणजे रोज रात्री वायर लावायची सवय घेणे. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तीन किलोवॅटच्या आसपास मिळते, पंधरा युनिटांची बॅटरी पाच-सहा तासांत भरते; त्यासाठी मोठा चार्जर लागत नाही. पण ते सॉकेट तुझ्या स्वतःच्या मीटरवर हवे, त्याला वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि गळती पकडणारे आरसीसीबी हवे, आणि वीज खात्याकडे मंजूर भार पुरेसा हवा. अर्थिंगकडे तर नीट लक्ष दे. आपली जांभ्याची जमीन मार्च-एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत पडली की अर्थ पिटात (अर्थिंगच्या खड्ड्यात) पाणी घालत राहावे लागते, नाहीतर चार्जर 'दोष' दाखवून बंद होतो आणि माणसे गाडीला शिव्या देतात. फोंड्याच्या घरी हे सगळे एका दिवसात होईल. पर्वरीला पाचव्या मजल्यावरच्या मीटरपासून खालच्या पार्किंगपर्यंत केबल टाकायची, तर सोसायटीची परवानगी आली, आणि सोसायट्यांच्या सभांत काय होते ते तू मला सांगायला नको.

वायर न लावता प्लग-इन चालवली तर? बंद पडत नाही, साध्या हायब्रिडसारखी चालते. पण दीड-दोनशे किलोची रिकामी बॅटरी वाहत. युरोपात असे घाऊक घडले. युरोपीय आयोगाने गाड्यांतच नोंदलेला इंधनाचा खप तपासून २०२४ मध्ये अहवाल दिला: रस्त्यावरचे प्लग-इनचे उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. लोक चार्जच करत नव्हते, हे त्याचे मोठे कारण. तेव्हा कागदावरचे मायलेज वाचताना लक्षात ठेव, त्यात बॅटरी भरलेली असण्याचा वाटा मिसळलेला असतो. विक्रेत्याला सरळ विचार, 'बॅटरी संपल्यावर लिटरला किती?' उत्तर देताना तो घुटमळला तर तुला हवे ते कळलेच.

चाचणीही तशीच घे. भरलेल्या बॅटरीवर तर कुठलीही प्लग-इन लोण्यासारखी चालते. तुला ती संपवलेली पाहायची आहे, चार माणसे बसवून, एसी लावून, चढावर. कारण वर्षातून चार-पाच वेळा तुम्ही सगळे चोर्ला घाटातून बेळगावला आणि पुढे पुण्याला जाता, आणि घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत बॅटरी बरीचशी संपलेली असणार. चांगल्या गाडीत चार्ज राखून ठेवायचे बटण असते. सपाटीला ते दाबायचे, चढावर सोडायचे. उतरताना उलटे. वर फुल चार्ज करून निघालीस तर उतारावर ब्रेकमधून येणारी वीज साठवायला जागाच उरत नाही, ती फुकट जाते. पेट्रोल गाडीत यातले काही नाही. खालचा गिअर घातला की झाले. तुझ्या बाबांना हेच सोयीचे आणि गाडी निम्मा वेळ ते चालवणार, हेही हिशेबात धर.

डिकी उघडून बघायला विसरू नकोस. बॅटरीपायी पुष्कळ गाड्यांत मागची जमीन वर येते, कधी स्टेपनीच गायब होते, नुसता पंक्चरचा किट देतात. चतुर्थीला माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचे) सामान, आजीची व्हीलचेअर आणि तुम्ही पाच जण, हे सगळे शोरूममध्येच बसवून बघायला काय हरकत आहे? आजीला एक दिवस घेऊनच जा.

देखभालीत माझ्यासारख्या गॅरेजवाल्याला दिसते ते सांगतो. प्लग-इनला इंजिनही आहे आणि वीजही, म्हणजे ऑइल, फिल्टर, कूलंट सगळे सुटत नाहीच. ब्रेक पॅड कमी झिजतात खरे. पण ब्रेक कमी लागतात म्हणून आपल्या खाऱ्या दमट हवेत डिस्कवर गंज चढतो. अधूनमधून रस्ता मोकळा बघून जोरात ब्रेक दाबायचा. आणि पेट्रोल. आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलचे, आणि इथेनॉल पाणी ओढते. तू महिनोन् महिने विजेवरच फिरलीस तर तेच पेट्रोल टाकीत पडून राहणार. म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरू नये, पंधरवड्यातून एकदा इंजिन चांगले गरम होईपर्यंत चालवावे. उलट एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. थंड देशांत हीटरसाठी इंजिन सुरू होते आणि विजेवरचे अंतर घटते. गोव्यात हीटर कोणाला लागतो? एसी मात्र खाणारच.

पूर्ण विजेच्या गाडीबद्दल तू विचारले नाहीस. तरी प्लग-इनपर्यंत ताणणार असशील तर तीही एकदा चालवून बघ. उत्तर-दक्षिण अख्खे राज्य शंभरेक किलोमीटरचे, कर ५ टक्के. पुण्याच्या वाटेवर चार्जरसमोर थांबायला बाबा तयार आहेत का, एवढाच प्रश्न.

माझे मत विचारशील तर, पर्वरीच्या फ्लॅटमध्ये राहणार असशील आणि खाली स्वतःचे सॉकेट मिळणार नसेल, तर प्लग-इनसाठी एक दिवसही थांबू नकोस. पेट्रोल घे, किंवा थोडे जास्त घालून स्ट्राँग हायब्रिड घे. कोंडीत ती खरेच वाचवते आणि टोयोटा तर हायब्रिड बॅटरीवर आठ वर्षांची हमी देते. साधी पेट्रोल घेशील तर मोठ्या टर्बो इंजिनाच्या मोहात पडू नकोस, रोजच्या पन्नास किलोमीटरला ती ताकद लागत नाही. फोंड्याला कायमचे जायचे ठरत असेल, तर मात्र मी वर्षभर जुनीच गाडी रेटायला सांगेन. तिथून वेर्ण्याला जाऊन येणे एका चार्जमध्ये बसते, अंगण आपले, मीटर आपला. किमतीतला फरक चार-पाच लाखांच्या आत आला तर प्लग-इन घे. आठ असेल तर नको, मग ती कितीही गुळगुळीत चालो. विकायची वेळ आली तेव्हा वापरलेल्या प्लग-इनला गोव्यात गिऱ्हाईक शोधावे लागेल, म्हणून घेशील तर बॅटरीची हमी असेपर्यंत तरी वापरायच्या तयारीने घे.

पुढचा हप्ताभर रोजचे किलोमीटर लिहून ठेव, शनिवार-रविवारचेही. आणि वेर्ण्याच्या तुमच्या कारखान्यात कामगारांच्या पार्किंगला चार्जिंग देतात का, किंवा देणार आहेत का, ते एचआरला विचारून कळव. देत असतील तर पर्वरीबद्दल वर लिहिलेले मला पुन्हा मांडावे लागेल.

तुझा,
काका