ऑपरेशनआधी केमो आणि रेडिएशन एकत्र: कातडीचं काय करायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंना स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी रेडिएशन आणि कॅपेसिटाबिनच्या, म्हणजे केमोच्या, गोळ्या एकत्र चालू आहेत. तिसऱ्या आठवड्यात काख आणि स्तनाखालची घडी काळपट झालीय, तळवे चुरचुरतात आणि शेजारच्या काकू कोरफड-हळद लावायला सांगताहेत. मी याच उपचारातून गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक, हे दोन वेगळे त्रास आहेत. काखेतला त्रास रेडिएशनचा. गोळी पेशींना किरणांपुढे जास्त हळवं करते, म्हणून तो वाढू शकतो. तळव्यांना मात्र किरण लागतच नाहीत, तो प्रकार गोळीचा. त्यामुळे एकच मलम दोन्हीकडे फासू नका.

आपल्या सावळ्या रंगावर लाली सहज दिसत नाही. इंटरनेटवरचे गुलाबी कातडीचे फोटो बघून ‘आईला काही झालं नाही’ असं समजू नका. आपल्याकडे आधी काळवंडतं, गरम लागतं, खाज येते. तपासताना डॉक्टरांना हे तोंडाने सांगा, नाहीतर नजरेतून सुटतं.

आंघोळ बंद करायची गरज नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, टॉवेलने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. किरण कुठे द्यायचे ते दाखवायला कातडीवर केलेल्या मार्किंगच्या खुणा तेवढ्या जपा. बिनवासाचं मॉइश्चरायझर चालतं, पण रेडिएशनला जाण्याच्या तोंडावर जाड थर नको. मोमेटासोनसारखं स्टिरॉइड क्रीम लवकर सुरू केलं तर दाह कमी राहतो, पण ते डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. कोरफडीचा अभ्यासांत ठोस फायदा दिसलेला नाही. हळदीचा लेप तर नकोच, खाली काय चाललंय तेच दिसत नाही. तारेची ब्रा कपाटात, अंगावर सैल सुती ब्लाउज. मंगळसूत्र घासत असेल तर काही दिवस काढून ठेवायला सांगा, सासूबाई काय म्हणतील ते नंतर बघू.

तळव्यांसाठी दिल्लीच्या एम्समधला अभ्यास डॉक्टरांना विचारा. कॅपेसिटाबिन घेणाऱ्यांच्या हातांना १ टक्का डायक्लोफेनॅक जेल लावलं, तेव्हा मध्यम ते तीव्र त्रास ३.८ टक्क्यांना झाला, साध्या जेलवाल्यांत १५ टक्क्यांना. भेगा पडल्या किंवा चालताना दुखलं तर लगेच कळवा. डॉक्टर गोळी काही दिवस थांबवतात किंवा डोस कमी करतात. आपल्या मनाने मात्र बंद करू नका.

घडीतली कातडी निघून पाण्यासारखी लस येऊ लागली तर पावडर अजिबात नको, नर्सकडून ड्रेसिंग करून घ्या. पू, दुर्गंधी किंवा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला तर रात्र असली तरी फोन करा. केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात.

रेडिएशन संपल्यावरही एक-दोन आठवडे त्रास वाढतो, हे कोणी आधी सांगत नाही. मग हळूहळू कातडी भरून येते, काळेपणा जायला महिने लागतात. बहुतेकींना रेडिएशन ऑपरेशननंतर मिळतं, त्यामुळे त्यांच्या अनुभवाशी आईंची तुलना करू नका. ऑपरेशनसाठी काही आठवडे थांबवलं तर तेही कातडी आतून-बाहेरून सावरावी म्हणूनही असतं.