रजा मंडईला ठेव

लेका,

पुण्याहून येताना आजी-आबाजींसाठी काय आणू आणि यंदाची दिवाळी त्यांना आनंदाची जावी म्हणून काय करू, असं तू विचारलंस. आणायचीच असेल तर एक चांगली कानटोपी आण. ती कशाला ते पुढं सांगतो. आधी रजेचं बघू.

तुम्ही पोरं धनतेरसच्या रात्री उतरता आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी परतीच्या गाडीत बसता. आपल्या भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडं म्हाताऱ्या माणसांची खरी मजा तिथून पुढं असते. आज या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, उद्या त्या गावची. दिवसा बाजार आणि दंडार हा नाचगाण्याचा लोकखेळ, रात्री नाटक. लेकी-जावई, व्याही, जुने सोबती, सगळे मंडईला येतात. लक्ष्मीपूजनाला आबाजींकडं कोण येतं? त्या दिवशी जो तो आपापल्या घरी. म्हणून रजा दोन दिवस पुढं सरकव. हलक्या धानाची कापणीही याच दिवसांत असते, तेव्हा घरात दुसऱ्या कुणाला त्यांना घेऊन फिरायला सवड नसते. पैशापेक्षा तुझा हाच उपयोग मोठा.

आजीचा भाऊ आहे ना अजून? मग भाऊबीजेला तिला त्याच्या गावी ने. आपल्याकडं आजीला घरी बसवून नातींची ओवाळणी बघायला लावतात, जणू तिला भाऊच नाही. पंच्याहत्तरी झालेल्यांना 2022 पासून एसटीत तिकीट लागत नाही आणि 65 ते 75 वयाच्यांना अर्धं लागतं. आधार कार्ड तेवढं सोबत असू दे. पण फुकट आहे म्हणून सणाच्या गर्दीत तिला उभी नेऊ नको. सकाळची पहिली गाडी पकड, नाहीतर गावातलाच एखादा ऑटो ठरव. तिथं गेल्यावर दोघंही कानानं कमी, त्यामुळं ओरडून बोलतील. कुठला बांध कुणी फोडला, कोणता बैल कधी मेला, हेच. साल चुकलं तरी मधे तोंड घालू नको, आणि तासाभरात "चल आजी" म्हणू नको. तुझी मोठ्याई, म्हणजे मोठी काकू, एकटी पडल्यापासून ओवाळणीच्या वेळी मागं सरकते. यंदा ताट तिच्या हातात दे. बाया कुजबुजतील, कुजबुजू दे.

आता नाटक. आबाजींना विचारशील तर ते आधी म्हणतील, "काय करू येऊन, माह्यानं चालणं होत नाही." यातला निम्मा धाक लघवीचा असतो आणि निम्मा तुमच्यावर भार होण्याचा. दोन्हीची सोय काय केली ते सांग आणि मग पुन्हा विचार. खुर्चीचं तिकीट काढ, कडेची जागा घे. रंगमंच जवळ हवा, भोंगा लांब. जमीन खणून केलेल्या मंडपात प्रेक्षकांची जागा उताराची असते. मोतीबिंदूच्या डोळ्यांना तो उतार अंधारात दिसत नाही. बॅटरी खिशात ठेव आणि त्यांना तुझा दंड धरू दे. तू त्यांचा दंड धरून ओढू नको. मुतारी कुठं आहे ते उजेडातच बघून ये.

नाटक सुरू व्हायलाच रात्रीचे दहा-अकरा वाजतात आणि संपतं पहाटे. दुपारी त्यांना झोपू दे. कार्तिकातली थंडी मध्यरात्रीनंतर चावते. कानटोपी त्यासाठी, शिवाय स्वेटर आणि थर्मासमध्ये गरम पाणी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पाहुण्यांच्या गडबडीत रात्रीचं जेवण टळू देऊ नको. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं भरकटलं, तर शुद्धीवर असतील तोवर लगेच साखरेचं पाणी पाज. त्यानं आराम पडला नाही तर थांबू नको, दवाखाना गाठ. लघवीच्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायची नाही. मध्यंतरात घरी जायचं का, हे विचार. परस्पर ठरवू नको. मागच्या पिढीनं रात्र जागून नाटकं पाहिली आहेत. शेवटचा अंक चुकला तर आबाजी दुसऱ्या दिवशी पारावर काय सांगणार?

गोडाचं एवढंच: लोकांसमोर "आबाजी, शुगर!" असं ओरडायचं नाही. अर्धी करंजी तूच मोडून दे, अर्धी स्वतः खा. आणि आजीला "तू बस, आराम कर" म्हणून चुलीपासून उठवू नका. चिवडा कुणीही करो, मीठ-तिखट तिनं चाखून सांगितल्याशिवाय डबा भरायचा नाही.

मंडईचा दिवस गावाच्या बैठकीत ठरतो. आधी काकाला फोन करून तारीख विचार, मगच रजेचा अर्ज टाक. आणि खुर्च्या तीन काढ. आबाजींचा पलीकडच्या गावचा सोबती आहे, त्याला निरोप धाड; त्याला रात्री परत सोडायची जबाबदारीही तुझीच.

तुझा,
गुरुजी