विद्यापीठातील संशोधनासाठी किरणोत्सारी पदार्थ रीतसर कसे मागवावेत आणि कसे सांभाळावेत?

डाळिंबाच्या मुळांतून फॉस्फरस कसा शोषला जातो हे पाहण्यासाठी आपल्याला फॉस्फरस-३२, म्हणजे फॉस्फरसचे किरणोत्सारी रूप, हवा आहे, आणि सोलापुरात तो कोणाकडून मागवावा व कसा ठेवावा, असे आपण विचारले आहे. मी एका संशोधन संस्थेत किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, म्हणजे ज्याला सगळे आरएसओ म्हणतात, त्या पदावर काम केले असून आता सोलापुरातच राहतो. कोणाकडून घ्यावा, याचे उत्तर सोपे आहे. तो विद्यापीठात कोणाच्या नावावर राहील आणि शेवटी कुठे जाईल, हे मात्र मागणीपत्रावर सही होण्यापूर्वीच ठरलेले असावे, कारण विद्यापीठांत घोटाळा होतो तो बहुधा तिथेच.

भांडार विभागाने तीन दरपत्रके मागवावीत आणि सर्वांत स्वस्त पुरवठादाराला ऑर्डर द्यावी, असा हा माल नव्हे. अणुऊर्जेविषयीचा कायदा आणि किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम यांनुसार अणुऊर्जा नियामक मंडळाची संमती आधी लागते आणि तिचे अर्ज मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर भरावे लागतात. संस्थेची नोंदणी, प्रमाणित प्रशिक्षण घेतलेल्या आरएसओची नेमणूक, प्रयोगशाळेचा आराखडा, मोजणीची उपकरणे आणि काम करणाऱ्यांचे टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला मिळालेल्या किरणोत्साराची नोंद ठेवणारे बिल्ले, ही तयारी झाल्यावर कोणते समस्थानिक (आयसोटोप) किती प्रमाणात आणायचे याची परवानगी मिळते. त्यानंतर वाशी येथील ‘ब्रिट’, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतील समस्थानिकांचे मंडळ, आपल्याला पुरवठा करू शकते. परदेशातून मागवायचे असल्यास आयातीची परवानगी वेगळी घ्यावी लागते. प्रकल्पाचे वेळापत्रक आखताना हा काळ धरूनच ठेवा. माल घाईचा आहे म्हणून एखाद्या विद्यार्थ्याला वाशीला पाठवून एसटीने पाकीट आणवण्याचा विचार तर मुळीच करू नका. ही वाहतूक ठरावीक वेष्टनात, लेबल आणि कागदपत्रांसह, नियमांनुसारच व्हावी लागते.

फॉस्फरस-३२ मधून निघणारे बीटा कण बरेच शक्तिशाली असतात. त्यांची कमाल ऊर्जा सुमारे १.७ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आहे. ते अडवण्यासाठी शिसे नव्हे, तर साधारण एक सेंटीमीटर जाडीचा ॲक्रिलिकचा पडदा वापरावा, कारण हे कण शिशासारख्या जड धातूवर आदळले की त्यातून क्ष-किरण निर्माण होतात. कुपी बोटांनी धरू नये, चिमट्याने धरावी. छातीवरचा बॅज बोटांना मिळालेली किरणोत्साराची मात्रा सांगत नाही, म्हणून बोटात घालायचा मात्रामापक आग्रहाने मागून घ्या. काम संपल्यावर टेबल, हातमोजे आणि चपलांचे तळवे गायगर काउंटरने तपासा. मात्र पुढे कोणी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, वापरू लागला, तर हाच काउंटर निरुपयोगी ठरेल; ट्रिटियमचा क्षीण बीटा त्याला दिसत नाही आणि टीएलडीलाही नाही. तिथे पुसून घेतलेले नमुने द्रव सिंटिलेशन काउंटरवरच, म्हणजे नमुना द्रवात मिसळून त्यात उमटणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर, मोजावे लागतात.

आपल्या गावापुरत्या दोन गोष्टी सांगतो. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, आणि हातावर काही सांडले तर पहिला उपाय कोमट पाणी व साबण हाच असतो. म्हणून प्रयोगशाळेची स्वतंत्र टाकी भरलेली आहे याची खात्री केल्याशिवाय कुपी उघडू नये. दुसरे म्हणजे उन्हाळ्यात टीएलडी बॅज स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हातल्या गाडीत राहू देऊ नका, कारण त्यातील नोंद उष्णतेने बिघडते. बॅज कामापुरता लावावा आणि नंतर कंट्रोल बॅजसोबत, म्हणजे तुलनेसाठी कोणीही न वापरता ठेवलेल्या बॅजसोबत, किरणोत्सारापासून दूर, ठरलेल्या जागी ठेवावा.

आता नोंदवहीविषयी. कुपी आली त्या दिवशीची सक्रियता (किरणोत्साराचे प्रमाण), प्रत्येक वेळी काढलेला भाग, काढणाऱ्याचे नाव, आणि उरलेला भाग कचऱ्याच्या कोणत्या डब्यात गेला, या सगळ्याचा हिशेब जुळला पाहिजे. फॉस्फरस-३२ चे अर्धायुष्य, म्हणजे सक्रियता निम्मी होण्याचा काळ, १४.३ दिवसांचे आहे, त्यामुळे दहा अर्धायुष्ये, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, त्याची सक्रियता मूळच्या सुमारे हजाराव्या भागावर येते. एवढा काळ कचरा कुलपात ठेवून, मोजून, मंडळाने घातलेल्या अटींप्रमाणे त्याची विल्हेवाट लावता येते. डब्यावर तारीख नसेल तर मात्र ही सगळी सोय वाया जाते. कार्बन-१४ बाबत अशी वाट पाहण्यात अर्थ नाही, त्याचे अर्धायुष्य सुमारे ५७०० वर्षे आहे.

आपल्या विभागात एखादा जुना बंदिस्त स्रोत, म्हणजे आवरणात कायमचा बंद केलेला किरणोत्सारी पदार्थ, असेल, तर त्याची खरी भीती मला डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, दिसते. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९७० साली कोबाल्ट-६० असलेला गॅमा सेल, म्हणजे नमुन्यांवर गॅमा किरण सोडण्याचे यंत्र, घेतला होता. १९८५ पासून तो वापरात नव्हता. २०१० च्या फेब्रुवारीत तो भंगार म्हणून लिलावात गेला, मायापुरीतल्या भंगार बाजारात फोडला गेला, अनेकजण आजारी पडले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षांचे आहे, तेव्हा चाळीस वर्षांत त्याची सक्रियता दोनशेव्या भागाच्या आसपास उतरली होती, आणि तेवढाही जीव घ्यायला पुरला. म्हणून निर्लेखन समितीच्या, म्हणजे जुन्या वस्तू नोंदीतून काढणाऱ्या समितीच्या, यादीवर आरएसओची सही असल्याशिवाय विज्ञान विभागातील कोणतीही जुनी वस्तू लिलावात जाणार नाही, असा ठराव आपल्या विद्यापीठाकडून करून घ्या. बंदिस्त स्रोत नव्याने घेणार असाल, तर वापर संपल्यावर पुरवठादार तो परत घेईल हे खरेदीच्या करारातच लिहून घ्यावे आणि परत पाठवण्याच्या खर्चाची तरतूद प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात करावी. प्रकल्प संपल्यावर तो पैसा कोणीही देत नाही.

मागणीच्या तारखेबद्दल शेवटी एवढेच, की रोपे प्रयोगाच्या वयाची झाल्यावर आणि निष्क्रिय फॉस्फेट वापरून केलेली रंगीत तालीम नीट पार पडल्यावरच कुपी मागवावी. आलेल्या मालातला अर्धा दोन आठवड्यांत आपोआप संपतो, मग रोपे तयार असोत वा नसोत.