हृदयात सतत रक्त असूनही त्याच्याच स्नायूला ते कमी कसे पडते?

हृदयाच्या कप्प्यांतून मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त जात असले, तरी त्याची जाड भिंत ते आतून शोषून घेऊ शकत नाही. तिला रक्त मिळते ते महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन कॉरोनरी धमन्यांतून. हृदय आकुंचन पावते तेव्हा डाव्या जवनिकेच्या, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याच्या, भिंतीतल्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात, त्यामुळे हा स्नायू मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यातच आपली भूक भागवतो. मिनिटाला 75 ठोके असताना तो विसावा जेमतेम अर्ध्या सेकंदाचा असतो, आणि ठोके वाढले की नेमका तोच आखडतो. शिवाय रक्तातला सुमारे 70 टक्के प्राणवायू हा स्नायू विश्रांतीतही काढून घेत असल्याने, श्रमाच्या वेळी अधिक रक्त मिळवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते; चरबीच्या थराने अरुंद झालेली धमनी ते पुरवू शकत नाही.

आम्ही कोल्हापूरचे. जोतिबाचे दर्शन घेऊन पायऱ्या चढून परतताना माझे काका मध्येच थांबत, छातीच्या मधोमध तळहात दाबून धरत आणि दोन मिनिटांनी ‘पित्त उसळलं होतं’ म्हणून पुन्हा चालू लागत. चढताना येणारी आणि थांबताच ओसरणारी ती कळ पित्ताची नव्हती, हे आम्हाला फार उशिरा कळले.

धमनीतला हा चरबीचा थर फाटून त्यावर रक्ताची गुठळी धरली, तर वाहिनी बंद होते, पुढचा स्नायू मरू लागतो आणि थांबूनही कळ जात नाही. अशा वेळी सोडा पीत न बसता तात्काळ 108 ला फोन करावा.