काठ सोडायचा कधी?

वाचकांचे प्रश्न : पोहणं

प्रश्न : माझं वय ४७. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय, पण खरं म्हणजे ही हौस लहानपणापासूनची. माहेरच्या विहिरीत भाऊ शिकले, मी कपडे सांभाळत बसले. यंदा दीड महिना बॅच लावली. काठ धरून पाय मारते, तोंडही पाण्यात घालते. हात सोडा म्हटलं की छातीत धडधडायला लागतं. सर म्हणतात, "भीती सोडा." मनाची तयारी झाली की मगच पुढची बॅच लावावी, असं ठरवतेय.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तयारी होण्याची वाट बघत बसलात तर पुढचा उन्हाळाही कपडे सांभाळण्यातच जाईल. आणि "भीती सोडा" हा काही सल्ला नव्हे, कारण त्यात करायचं काय तेच सांगितलेलं नाही.

तुम्ही तोंड पाण्यात घालता, म्हणजे पाण्याची भीती तुम्हाला फारशी नाही. भीती आहे ती आडवं झाल्यावर पुन्हा पाय टेकतील का, याची. ती खुळी नाही. छातीएवढ्या पाण्यातही पालथा पडलेला नवशिका चटकन उभा राहू शकत नाही. तो आधी डोकं वर काढतो, पाय ताठ ठेवतो आणि तिरका लटकत राहतो. मग नाकातोंडात पाणी जातं. म्हणून पोहण्याआधी उभं राहायला शिका. बहुतेक बॅचमध्ये नेमकं हेच राहून जातं.

त्याच्याही आधी श्वास, आणि त्याला तलाव लागत नाही. घरी मोठ्या घमेल्यात पाणी घ्या. तोंडाने श्वास घ्या, चेहरा बुडवा आणि नाकातून "हूंऽऽ" असा आवाज काढत तीन-चार सेकंद हवा सोडा. हुंकार चालू असेपर्यंत नाकात पाणी शिरत नाही. दहा वेळांचा एक फेरा, असे तीन फेरे, आठवडाभर रोज. श्वास रोखून धरला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि छाती आवळल्यासारखी होते. प्राणवायू भरपूर असतो, तरी जीव गुदमरल्यासारखा वाटतो. तुमच्या धडधडीचा बराच भाग हाच असावा. नेहमीची चूक म्हणजे डोकं वर काढल्यावर हवा सोडायची आणि तिथेच घ्यायलाही जायचं. दोन्हीला वेळ पुरत नाही. सोडणं पाण्यात उरकायचं, वर फक्त घ्यायचं.

आता तलाव. पाणी बेंबी आणि छाती यांच्या मध्ये असावं, साधारण साडेतीन फूट. धाडकन उतरू नका. गार पाण्यात एकदम शिरलं की आपोआप धाप लागते आणि मन तिला भीती समजतं. आधी मान आणि चेहरा ओला करा.

पहिले दोन दिवस फक्त मुटकुळं करा. छाती भरून श्वास घ्या, चेहरा पाण्यात, गुडघे पोटाशी घेऊन हातांनी कवळा. एक क्षण खाली गेल्यासारखं होईल, मग कासवाच्या पाठीसारखी पाठ पाण्याच्या वर येईल. पाच सेकंद तसंच राहायचं. नंतर तळाशी मांडी घालून बसून बघा. छाती भरलेली असली तर बहुतेकांना बसताच येत नाही. "पाणी उचलतं" हे कोणी सांगून पटत नाही, ते असं पटतं.

मग उभं राहणं. काठाला हात, शरीर पालथं, चेहरा पाण्यात. आता गुडघे पोटाशी ओढा, तळवे खाली दाबा, डोकं वर काढा आणि सर्वांत शेवटी पाय टेका. गुडघे, हात, डोकं, पाय. क्रम चुकला, म्हणजे डोकं आधी आलं, की कंबर खचते आणि पुन्हा ती तिरकी लटकंती. काठ धरून वीस वेळा, मग एका हाताने वीस वेळा. हे अंगवळणी पडेपर्यंत पुढे जाऊ नका, सर कितीही घाई करोत.

त्यानंतर काठ सोडायचा, पण काठापासून दूर जाऊन नव्हे, काठाकडे येऊन. दोन पावलं आत जा, तोंड काठाकडे, हात पुढे ताणलेले. श्वास घ्या, चेहरा बुडवा आणि पायांनी तळ रेटून काठाकडे सरका. बोटं काठाला लागली की काम झालं. दुसऱ्या दिवशी अर्धं पाऊल मागे. नजर खाली फरशीवर हवी. काठ दिसतोय का म्हणून मान उचलली की पाय बुडतात, तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखे. पाठीला डबा किंवा कमरेला ट्यूब आत्ता नको. त्यांनी छाती वर राहते आणि उभ्याने तरंगायची सवय लागते.

घरी वहीत रोज दोन आकडे लिहा : किती वेळा केलं आणि दहापैकी भीती किती वाटली. तीन-चार वाटली तर तीच पायरी चालू ठेवा, दोनवर आली की पुढची घ्या. सातच्या वर गेली तर एक पायरी मागे या, पण पाण्याबाहेर पडू नका. घाबरून बाहेर आलात तर तो धडा पक्का होतो. सोपं काहीतरी जमवूनच वर या. आठवड्यातून एकदा दोन तास घालवण्यापेक्षा चार दिवस अर्धा तास बरा.

आणि सरांना स्पष्ट सांगा : खालून धरलेला हात सोडायचा असेल तर सांगून सोडा. विहिरीत ढकलून शिकवलेले पुष्कळ जण पोहतात हे खरं, पण त्यानंतर पाण्याकडे फिरकलेच नाहीत असेही कमी नसतील.

प्रश्न : तलावात चाळीस फेऱ्या सहज मारतो. मालवणच्या चिवला बीचवरच्या सागरी जलतरण स्पर्धेत छोट्या अंतरासाठी उतरायचंय. मात्र समुद्रात कमरेपलीकडे गेलं की गोठतो.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चाळीस फेऱ्यांत तुम्ही एकोणचाळीस वेळा भिंतीला हात लावून दम घेतलाय. समुद्रात भिंत नाही, तळ दिसत नाही आणि सरळ जायला फरशीवरची रेघही नाही. या तिन्हींची सवय तलावातच करता येते. भिंतीच्या दोन मीटर अलीकडे वळा, तिला हात न लावता अर्धा तास पोहा. रिकाम्या मार्गिकेत डोळे मिटून सहा-आठ हात मारा, मग उघडून बघा कुठे वाकडे गेलात. बहुतेक जण दर वेळी एकाच बाजूला वळतात. दिशा बघताना मगरीसारखे फक्त डोळे वर काढा. अख्खं डोकं उचललं की कंबर बसते.

समुद्रात पहिले तीन-चार दिवस छातीएवढ्याच पाण्यात, किनाऱ्याला समांतर पोहा. सोबत तिथलं पाणी ओळखणारा माणूस आणि कमरेला दोरीने भडक रंगाचा फुगा हवाच. गोठल्यासारखं झालं की उताणे व्हा. खाऱ्या पाण्यात शरीर जरा जास्तच वर राहतं. वीस श्वास मोजा, मग ठरवा. उतरण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा मच्छीमारांना विचारा. पाणी आत ओढतंय असं वाटलं तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका. समांतर पोहून ओढीबाहेर पडा, मग किनाऱ्याकडे वळा. एकट्याने कधीच उतरायचं नाही, तयारी कितीही झालेली असो.

प्रश्न : वय ६१, रक्तदाबाची गोळी चालू आहे. शिकायला उशीर झाला का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. आधी डॉक्टरांना विचारा, गोळीची वेळ चुकवू नका आणि बॅचमधली मुलं पाण्याखाली श्वास रोखायची पैज लावतील त्यात पडू नका. लांब लांब श्वास घेऊन बुडी मारल्यावर शुद्ध हरपून बुडणाऱ्यांत पट्टीचे पोहणारेही असतात. तलावातून वर येताना शिडीवर घटकाभर थांबा, चक्कर येते ती तिथेच.