‘आणलेली’ बातमी आणि ‘आणल्याची’ बातमी

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंग्रजी वाक्यांची फोड करणारं व्याकरण पायथॉन या संगणकभाषेत लिहितोय. साधी वाक्यं चालतात. ‘द फार्मर हू ब्रॉट टर्मरिक वेंट होम’ हेही चाललं, कारण ‘हू’च्या पुढे क्रियागट येतो असा नियम केला. पण ‘द टर्मरिक दॅट द फार्मर ब्रॉट वॉज ड्राय’ इथे अडकलो. कर्माशिवायचं ‘ब्रॉट’ चालेल अशी सूट दिली, तर आता नुसतं ‘द फार्मर ब्रॉट’ हेसुद्धा पूर्ण वाक्य म्हणून पास होतं. मधूनच प्रोग्रॅम लटकतो तो वेगळाच. आणि ‘दॅट’ नेमके किती प्रकारचे धरायचे?
– एक विद्यार्थी, तासगाव

उत्तर : तुझं पत्र वाचताना मला माझे वडील आठवले. सांगलीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर ते दिवाणजी होते. हळदीचे सौदे जोरात असले की रात्री जेवणानंतरही वही उघडी असायची. पान संपलं की खाली बेरीज, आणि नव्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’. ज्याची बाकी, त्याच्याच नावाने ती पुढे ओढायची; मध्ये कितीही पानं जाऊ देत. मिटेल त्या दिवशीच तिच्यावर काट.

तू काय केलंस? ‘ब्रॉट’ला कर्माचं देणं माफ करून टाकलंस. मग ‘द फार्मर ब्रॉट’ पास होणारच. ‘ब्रॉट’ला कर्म हवंच आहे. ते वाक्याच्या सुरुवातीला, ‘द टर्मरिक’ म्हणून, जाऊन बसलंय एवढंच. तेव्हा माफी नको, बाकी ओढ.

आता हे नियमात बसवू. नामगट म्हणजे ‘द टर्मरिक’सारखा नामाचा गट, क्रियागट म्हणजे क्रियापद आणि त्याचं कर्म. ‘वाक्य’ या चिन्हाशेजारी आणखी एक चिन्ह कर: वाक्य/नामगट. तिरकी रेघ ‘उणे’ अशी वाच, म्हणजे एक नामगट कमी असलेलं वाक्य. त्याची फोड नामगट आणि क्रियागट/नामगट अशी होते. क्रियागट/नामगट याची फोड क्रियापद आणि नामगट/नामगट अशी. आणि नामगटातून नामगट उणे म्हणजे शून्य. तिथे काहीच लिहायचं नाही, ती रिकामी जागा. संबंधी वाक्य, म्हणजे नामाला जोडलेलं ‘जो-जी’वालं वाक्य, त्याची फोड ‘दॅट’ अधिक वाक्य/नामगट. शेवटी पूर्ण म्हणून फक्त नील बाकीचं ‘वाक्य’ स्वीकार. ‘द फार्मर ब्रॉट’ आपोआप गळतं, आणि ‘ब्रॉट’ची नोंद जशीच्या तशी राहते. तुझं ‘हू’चं वाक्य चाललं ते नशिबाने: तिथे रिकामी जागा कर्त्याची, ‘हू’ला खेटूनच, त्यामुळे ओढायला काही उरलंच नव्हतं.

ही युक्ती माझी नव्हे. संगणकतज्ज्ञ वुड्स यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या पार्सरमध्ये, म्हणजे वाक्याची फोड करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आधीच आलेला नामगट बाजूला धरून ठेवायची आणि जागा सापडली की तिथे बसवायची सोय केली होती. भाषाशास्त्रज्ञ गझदार यांनी १९८१ मध्ये दाखवलं की वेगळी सोय नको, साध्या नियमांतच हे भागतं. तुमच्या एनएलटीकेमध्ये, म्हणजे पायथॉनच्या भाषाविषयक तयार संचात, ही तिरकी रेघ थेट लिहिता येते, ते आधी बघ.

खरी मजा लांबच्या उधारीत आहे. ‘द टर्मरिक दॅट द ब्रोकर सेड द फार्मर ब्रॉट’. दलाल म्हणाला, शेतकऱ्याने आणली. बाकी ‘सेड’च्या पानावरून खालच्या वाक्यात गेली. मध्ये आणखी दोघांना ‘थिंक्स’, ‘नोज’ म्हणायला लाव, तरी चालतं. अशा प्रत्येक खोलीसाठी वेगळा नियम लिहायला बसलास तर पदवी मिळेपर्यंत लिहीत बसशील. ‘सेड’ला एकच सांग: आत बाकी असेल तर वर पाठव. बाकीवर नाव आणि वचनही लिही. ‘द फार्मर्स हू द ब्रोकर सेज ब्रिंग टर्मरिक’ यात ‘ब्रिंग्ज’ आलं तर तुझ्या व्याकरणाने अडवलं पाहिजे, आणि ते अनेकवचन दोन पानं मागे आहे.

मात्र काही पानांतून बाकी बाहेर येऊच शकत नाही. ‘द टर्मरिक दॅट आय मेट द फार्मर हू ब्रॉट’ हे इंग्रजाला चालत नाही, कारण एका संबंधी वाक्याच्या आतून नाम उचलून दुसऱ्याच्या माथ्यावर नेलंय. भाषाशास्त्रज्ञ रॉस यांनी १९६७ च्या प्रबंधात अशा जागांना बेटं म्हटलं. २०१९ च्या पुरात आमची गल्ली तशीच झाली होती, आत माणसं होती पण येणंजाणं नाही. म्हणून ज्या नामगटाला संबंधी वाक्य जोडलंय, त्या वाक्यातली बाकी वर जाऊ देऊ नकोस.

प्रोग्रॅम लटकतो तो बहुधा ‘नामगट म्हणजे नामगट अधिक संबंधी वाक्य’ या नियमाने. वरून खाली जाणारा पार्सर नामगट शोधायला पुन्हा नामगटच उघडतो, आणि कायमचा उघडत बसतो. चार्ट पार्सर वापर, तो सापडलेले तुकडे तक्त्यात नोंदवून ठेवतो आणि तेच पुन्हा उघडत नाही.

आता ‘दॅट’. इथे तुझी मराठी पुस्तकापेक्षा कामाला येईल. ही दोन बघ: ‘द न्यूज दॅट द फार्मर ब्रॉट’ आणि ‘द न्यूज दॅट द फार्मर ब्रॉट टर्मरिक’. इंग्रजीत शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही कोणतं काय ते. मराठीत सांग बरं. पहिली ‘शेतकऱ्याने आणलेली बातमी’. दुसरी ‘शेतकऱ्याने हळद आणल्याची बातमी’. ‘लेली’ आलं तर आत जागा रिकामी आहे, ‘ल्याची’ आलं तर आतलं वाक्य भरलेलं आहे. पहिल्या ‘दॅट’ला वाक्य/नामगट जोड, दुसऱ्याला पूर्ण वाक्य. ‘आय नो दॅट’मधला तिसरा, म्हणजे ‘मला माहीत आहे की’, तोही पूर्ण वाक्याचा, फक्त तो नामाला नाही, क्रियापदाला लटकतो. ‘दॅट फार्मर’मधला ‘तो’वाला वेगळा ठेव. मी तरी हे चारच धरते.

एक चूक माझीही ऐक. पुण्यात एका कंपनीत इंग्रजी वाक्यं तपासण्याचं काम करत असताना, शेवटी नील बाकीच स्वीकारायची, ही अट मीच लिहायची विसरले. पंपाच्या माहितीपत्रकातलं ‘टर्न अंटिल इट स्टॉप्स’ बिनबोभाट पास झालं. काय फिरवायचं, ते गिऱ्हाईकाने फोन करून विचारलं.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. ‘टेल मी व्हेअर इज द बस स्टँड’ असं लिहिलं की बाई काट मारतात. प्रश्न विचारताना तर ‘व्हेअर इज’च म्हणतात ना?
– एक आई, मिरज

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. इंग्रजीत थेट प्रश्नात ‘इज’ उडी मारून कर्त्याच्या आधी येतं. तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की उडी रद्द: ‘टेल मी व्हेअर द बस स्टँड इज’. वर तासगावच्या मुलाला जे व्याकरण लिहायचंय, त्यात यासाठी एक बटण असतं, आणि गौणवाक्यात ते बंद ठेवतात. आपल्याकडे ‘बस स्टँड कुठे आहे?’ आणि ‘बस स्टँड कुठे आहे ते सांग’ यांत शब्द जागचे हलत नाहीत, म्हणून मुलांना चूक जाणवतच नाही. त्याला आधी मराठीत बोलायला लावा. ‘ते सांग’, ‘ते विचार’, ‘ते माहीत नाही’ यातलं ‘ते’ आलं, की इंग्रजीत ‘इज’ कर्त्याच्या नंतर ठेवायचं.